शिबिरातला स्वयंपाक कुणी करायचा?

राष्ट्रीय सेवा योजनेचे यंदाचे हिवाळी शिबिर पार पडले. बंधारा झाला, प्रभातफेऱ्या झाल्या, समारोपाला पाहुणे आले. जेवणाविषयी तर कुणाचीच तक्रार नव्हती, कारण यंदा सातही दिवसांच्या जेवणाचे कंत्राट बाहेर दिले होते. गॅसच्या शेगड्या आल्या, आचारी आला, पनीरची भाजी आली. आम्ही ताटे घेऊन रांगेत उभे राहिलो, जेवलो आणि झोपलो. शेवटच्या दिवशी वहीत सर्वांनी 'जेवण उत्तम' असा शेरा लिहिला. त्या शेऱ्याखाली माझीही सही आहे. असे असूनही माझे मत असे आहे की, पुढच्या वर्षी हे कंत्राट देऊ नये. स्वयंपाक आपला आपणच करावा.

मित्र म्हणतील, याला भरिताची आठवण येते आहे. येते, मी कशाला नाकारू? मी यावल तालुक्यातला. आमच्याकडे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, चातुर्मासात सुटलेले वांगे पुन्हा ताटात आले, की शेताशेतांतून भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगे ते हिरवट-पांढरे, हाताच्या पंजात न मावणारे, कमी बियांचे. २०१६ साली 'जळगावचे भरिताचे वांगे' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नुसत्या वांग्याने भरीत होत नाही, त्याला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ लागतो. या काड्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात. त्यामुळे साल करपते, पण गर आपल्याच पाण्यात वाफेवर शिजतो आणि धुराचा वास धरून ठेवतो. गॅसवर वांगे भाजले जाते खरे, पण हा वास येत नाही. हिवाळ्यात वेचणी संपली की काड्या उपटाव्याच लागतात, नाहीतर गुलाबी बोंडअळी त्यांत मुक्काम करते. म्हणजे शेताची सफाई आणि आपली मेजवानी एकाच जाळात! गरम असतानाच हात पाण्यात बुडवून वांगी सोलायची, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर खोलगट लाकडी भांड्यात ठेचायची, वर लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सढळ हाताने तेलाची फोडणी. जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या.

मागल्या वर्षी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे शिबिर होते. तेव्हा आचारी नव्हता. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते आणि रोज एका गटाकडे स्वयंपाक. शाळेच्या मागे तीन दगडांची चूल मांडली. पहिल्या संध्याकाळी चुलीत इतकी लाकडे कोंबली की पिठले खालून करपले आणि वरून कच्चे राहिले. शेजारच्या मावशी ओट्यावरून पाहत होत्या. त्या शेवटी उठून आल्या, "काबर इतला जाय करस रे पोऱ्या?" म्हणाल्या आणि निम्मी लाकडे बाहेर ओढून घेतली. त्या दिवशी बऱ्याच जणांना कळले की, चूल पेटवणे ही एक विद्या आहे आणि ती आपल्या अभ्यासक्रमात नाही.

पण सांगायचे आहे ते वेगळेच. त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकाने हळूच विचारले, "आज स्वयंपाक कोणत्या गटाकडे आहे?" मी नावे सांगितली. त्याने ती ऐकली, पोट बरे नाही म्हणाला आणि दोन केळी खाऊन झोपला. दुसऱ्या दिवशीही पोट बरे नव्हते. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीप्रमाणे त्याचीच पाळी होती. त्याच गटातल्या आणखी दोघांबरोबर त्याने कांदे चिरले, डाळ धुतली आणि रात्री सर्वांच्या पंगतीत बसून जेवला. मला वाटले, झाले, प्रश्न सुटला. पाचव्या दिवशी त्याचे पोट पुन्हा बिघडले! इतके सोपे ते नव्हतेच. परंतु त्या रात्री चुलीपाशी आम्ही पाच-सहा जण उशिरापर्यंत बसलो. 'पोट' हा शब्द बाजूला ठेवून प्रथमच सरळ बोललो. तोही बोलला; घरी काय सांगतात तेही त्याने सांगितले. कुणी कुणावर ओरडले नाही. एवढे बोलणे वर्गात दोन वर्षे शेजारी बसून झाले नव्हते.

यंदा कुणाचेही पोट बिघडले नाही. आचारी कोण, त्याचे नाव काय, हे कुणी विचारलेच नाही, कारण पैसे देऊन विकत घेतलेल्या अन्नाला जात नसते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. कंत्राटाने प्रश्न सोडवला नाही, तो झाकला. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली, ती ज्या प्रश्नासाठी, तो प्रश्न एका पंगतीत बसल्याने निम्माच सुटतो. पंगतीत शेजारी कोण आहे इकडे काणाडोळा करता येतो. भाकरी कुणी थापली इकडे करता येत नाही, ती तर पोटात जायची असते. ब्राउनसी बेटावर १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी पहिले स्काउट शिबिर भरवले, तेव्हा श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि कामकरी घरांतली मुले मुद्दाम एकत्र घेतली होती. राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. ती केवळ बंधाऱ्यांसाठी सुरू झाली असे मला वाटत नाही. बंधारा यंत्राने एका दिवसात होतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. मागल्या वर्षीच्या शेवटच्या रात्री मी पुढाकार घेऊन भरीत केले. शेतमालकाने काड्या दिल्या. आम्ही मुले भोवती जमलो, गाणी म्हटली, वांगी उलटली, ठेचली आणि भरपूर शाबासकी मिळवली. दुसऱ्या दिवशी एका वर्गभगिनीने विचारले, "तुम्ही भरीत केलेत, पण साठ माणसांच्या पुऱ्या कुणी लाटल्या ते पाहिलेत का?" मी खरोखरच पाहिले नव्हते. गटात मुलेमुली दोन्ही होती, तरी पिठाची परात सातही दिवस मुलींकडेच सरकत गेली होती. पुरुषांनी केली की पार्टी आणि बायकांनी केला की स्वयंपाक, असा हा हिशेब! ज्यांनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, त्या साने गुरुजींच्या खानदेशात आम्ही राहतो, हे भाषणात सांगायला बरे वाटते.

चुलीच्या धुराविषयीही प्राध्यापकांनी मला टोकले आहे. ते योग्यच आहे. ज्या मावशींनी आमची लाकडे बाहेर ओढली, त्यांचे डोळे अख्खा जन्म त्या धुरात गेले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती याच कारणासाठी. सात दिवस चुलीची हौस करून आपण तिचे गोडवे गाऊ नयेत. तेव्हा माझा हट्ट चुलीसाठी नाही. रोजचा स्वयंपाक खुशाल गॅसवर करा. (भरिताची एक रात्र तेवढी काड्यांसाठी राखून ठेवा, एवढी विनंती.) वेळ जातो, हा आक्षेपही खरा आहे. श्रमदानाचा एक तास कमी होईल, बंधारा वीतभर आखूड होईल. तो तास वाया गेला असे मी म्हणणार नाही.

पुढच्या बैठकीत मी अशी सूचना मांडणार आहे की, चिठ्ठ्या दोनदा टाकाव्यात: एकदा गटाच्या आणि एकदा कामाच्या. परात, चूल, चिरणे, वाढणे, भांडी, ज्याला जे निघेल ते त्याने करावे, मुलगा असो की मुलगी. परातीची चिठ्ठी मला निघाली तर माझी तक्रार नाही. भाकरी थापायला मी दिवाळीपासून घरी आईजवळ शिकतो आहे. तव्यावर टाकताना ती अजून मधोमध मोडते.