आधी घोडा पाहा

बुद्धिबळाच्या जुन्या लाकडी संचांच्या हुबेहूब प्रती अमृतसरचे कारागीर आजही हाताने घडवतात. त्यांत १८४९ साली लंडनच्या जेक्स पेढीने बाजारात आणलेला स्टॉन्टन घाट फार लोकप्रिय. असे संच जमवायचे असतील, तर आधी घोडा पाहा. प्यादी, उंट कातावर उतरतात. घोड्याचे तोंड मात्र हातानेच कोरावे लागते. आयाळ, नाकपुड्या रेखीव हव्यात, चारही घोडे एकाच हातचे वाटावेत. काळी बाजू शिसवीची की नुसती रंगवलेली, हेही विचारा. ‘अस्सल पुराणा’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला, तर भुलू नका. नक्कल ही नक्कल म्हणूनच घ्यावी. कारागिराच्या मेहनतीचे मोल तिच्यातही असते. आणि संच उन्हात, चुलीजवळ ठेवू नका, लाकूड तडकते.