रातकिडा की झुरळ? : पाळीव सरड्यांच्या आहारासंबंधी थोडा विचार

आपल्या भाषेने सरपटणाऱ्या प्राण्यांकडे आणि किड्यामुंग्यांकडे फारशा प्रेमाने पाहिलेले नाही. वारंवार मत बदलणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो. ज्याचा आवाका लहान, त्याच्याविषयी 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असे म्हणून मोकळे होतो. मनात संशय आला की आपल्या मनात पाल चुकचुकते. आणि नकोशा माणसाला आपण झुरळासारखे झटकून टाकतो. त्यातल्या त्यात रातकिड्याच्या वाट्याला थोडी माया आली आहे. कथेतील रात्र त्याच्या किरकिरीवाचून सहसा सुरू होत नाही. भाषा शिकविणाऱ्या मनुष्याला हे सारे मोठे गमतीचे वाटते. परंतु भाषेतील ही आवडनिवड जेव्हा व्यवहारात निर्णय करू लागते, तेव्हा तिची किंमत एखाद्या मुक्या जिवाला मोजावी लागते. असाच एक प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे : घरी पाळलेल्या सरड्याला खावयास रातकिडा द्यावा की झुरळ?

प्रश्न वाचून कोणाला हसू येईल. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जेथे पावसाळ्यात सरडे, पाली, सापसुरळ्या बोलावल्यावाचून अंगणात येतात, तेथे सरडा पाळण्याची हौस ती काय करायची, असेही कोणी म्हणेल. तथापि काळ बदलला आहे. हैदराबाद, नागपूर, पुणे, मुंबई येथील काही घरांत ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन, अंगावर ठिपके असलेला लेपर्ड गेको, अमेरिका खंडातील इग्वाना असे प्राणी काचेच्या पेटीत राहू लागले आहेत. आपली मुले ती चित्रे मोबाइलवर पाहतात आणि वर्गात प्रश्न विचारतात. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे; परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नाला 'हे माझ्या विषयात येत नाही' असे उत्तर देणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून मिळाली ती माहिती वाचून जे मत बनले, ते प्रथमच स्पष्ट सांगतो. ज्यांच्या घरी असा कीटकभक्षी प्राणी कायदेशीर रीतीने आहे, त्यांनी रातकिड्याऐवजी मुख्यतः पैदाशीच्या झुरळांकडे वळणे योग्य आहे. मात्र काही पथ्ये सांभाळून.

प्रथम रातकिड्याची बाजू पाहू. पाळीव सरड्यांचे अन्न म्हणून जगभर जो कीटक रूढ झाला, तो घरगुती रातकिडा. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली ती मुख्यतः गळाला लावण्याचे आमिष म्हणून. पुढे तोच पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गेला. तो चपळ आहे, उड्या मारतो, आणि हलणारे भक्ष्य दिसताच सरड्याची शिकारी वृत्ती जागी होते. हा त्याचा गुण खरा आहे. परंतु त्याचे दोषही थोडे नाहीत. नर रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासून रात्रभर किरकिरतो; कथेत ही किरकिर गोड वाटते, निजण्याच्या खोलीत वाटत नाही. त्याचे आयुष्य उणेपुरे दोन-तीन महिन्यांचे. ओल वाढली किंवा पाणी कमी पडले की तो पटापट मरतो, आणि मेलेल्यांची दुर्गंधी पसरते. खाणे अपुरे पडल्यास रातकिडे एकमेकांना खातात. सर्वांत वाईट म्हणजे, पेटीत उरलेले रातकिडे रात्री निजलेल्या सरड्याचेच अंग कुरतडतात. भक्ष्याने भक्षकाला जखमी करावे, हा उलटा न्याय पेटीत घडतो. कारण रानात सरडा दूर निघून जाऊ शकतो, पेटीत त्याला जागा नसते.

त्यात एका रोगाची भर पडली. घरगुती रातकिड्याला ग्रासणारा डेन्सोव्हायरस नावाचा एक विषाणू युरोपात १९७७ सालीच नोंदला गेला होता. २००२ च्या सुमारास त्याने तेथील पैदास-केंद्रांत हाहाकार उडविला, आणि २००९-१० मध्ये तो अमेरिका व कॅनडा येथील केंद्रांत पसरला. रातकिड्यांची वाढ खुंटे, मागचे पाय लुळे पडत, आणि उताणे पडून ते हजारोंनी मरत. हा विषाणू माणसाला बाधत नाही. परंतु ज्यांचा सारा धंदा एकाच जातीच्या रातकिड्यावर उभा होता, त्यांतील काहींना तो बंद करावा लागला, आणि ज्यांच्या सरड्यांचे सारे अन्न तोच रातकिडा होता, त्यांची तारांबळ उडाली. त्यानंतर पुष्कळ लोक दुसऱ्या जातींच्या रातकिड्यांकडे वळले आणि पुष्कळ झुरळाकडे वळले. हा बदल केवळ हौसेने झालेला नाही. त्यामागे संकट होते.

आता झुरळाची बाजू. येथे वाचक नाक मुरडणार हे मी जाणतो. माझे बालपण समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत गेले. कपाट उघडताच सळसळत पळणारी झुरळे मला नवी नाहीत, आणि त्यांच्याविषयी मला प्रेमही नाही. परंतु जगात झुरळांच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि माणसाच्या घरात घुसून उपद्रव करणाऱ्या जाती त्यांतील जेमतेम तीसेक. उरलेल्या रानात पालापाचोळा कुजवून मातीचे ऋण फेडीत असतात. मोजक्या उपद्रवी जातींवरून साऱ्या कुळाला नावे ठेवणे न्यायाचे नव्हे. माणसांच्या बाबतीत आपण ज्याला पूर्वग्रह म्हणतो, तोच हा.

आहारासाठी पैदास केले जाणारे झुरळ प्रामुख्याने 'डुबिया' या नावाने ओळखले जाते. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील. पूर्ण वाढलेले झुरळ सुमारे ४ सेंटिमीटर लांब असते. ते ओरडत नाही, त्याचा वास फारसा येत नाही, आणि काच किंवा गुळगुळीत प्लॅस्टिक त्याला चढता येत नाही. त्यामुळे साध्या डब्यातही ते राहते. मादीला पंखांचे केवळ खुंट असतात. नराला पंख असूनही त्याला धड उडता येत नाही. मादी अंडी पोटातच जपून थेट पिले देते, एका वेळी वीस-तीस. रातकिडा प्रौढ होऊन काही आठवड्यांत मरतो, तर हे झुरळ वर्ष-दीड वर्ष जगते. म्हणजे एकदा घडी बसली की पाळणाऱ्याला दर आठवड्याला बाजार गाठावा लागत नाही, आणि लहान सरड्याला लहान पिले, मोठ्याला मोठी झुरळे, अशी सोय घरच्या घरी होते. मात्र त्याची पैदास उबेत, साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, चांगली होते; गारठ्यात ती थांबते. आदिलाबादचा उन्हाळा त्याला मानवेल. परंतु येथील हिवाळा साऱ्या तेलंगणात कडक म्हणून प्रसिद्ध आहे, त्या दिवसांत डब्याला ऊब द्यावीच लागेल.

गुणांची ही यादी वाचून कोणी लगेच निर्णय करू नये. आता ती पथ्ये सांगतो. माझ्या दृष्टीने लेखातील महत्त्वाचा भाग हाच आहे.

पहिले पथ्य असे की, कीटक बदलला म्हणजे आहार सुधारला, असे समजू नये. रातकिडा काय किंवा झुरळ काय, दोहोंत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस अधिक असतो. केवळ तेवढ्यावर वाढलेल्या सरड्याची हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. आपल्याकडे मुलांना होणाऱ्या मुडदुसाचेच हे भावंड म्हणावे. म्हणून कीटक देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यालाच हिरवा पाला, गाजर, भोपळा असे सकस अन्न द्यावे लागते. जे त्याच्या पोटात, ते सरड्याच्या पोटात. वर कॅल्शियमची पूड लावावी लागते, आणि दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना योग्य अतिनील प्रकाशही मिळावा लागतो. शिवाय प्रत्येक सरपटणारा प्राणी कीटकभक्षी नसतो. इग्वाना हा पालेभाजीवर जगणारा प्राणी आहे. त्याला कौतुकाने झुरळे चारणे म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर भार टाकणे. आणि एकाच कीटकावर विसंबण्याचा परिणाम काय होतो, हे त्या विषाणूने दाखवून दिलेच आहे. झुरळ मुख्य असावे, एकमेव असू नये.

दुसरे पथ्य स्वच्छतेचे. अन्नाचे झुरळ निराळे आणि मोरीतील झुरळ निराळे. घरातील झुरळ पकडून सरड्यापुढे टाकणे अत्यंत घातक आहे, कारण त्याच्या अंगावर घाण असते आणि पोटात आपणच फवारलेले विष असू शकते. शेतातून धरून आणलेल्या रातकिड्यांनाही हेच लागू आहे. आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस, आणि कापसावरील फवारण्या आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहेत? झुरळांची विष्ठा आणि गळलेली कात यांमुळे काही माणसांना शिंका, खाज, प्रसंगी दमाही होतो. ज्या घरात दम्याचा रोगी आहे, तेथे झुरळांचा डबा नसावा. त्या घराने रातकिड्यांवरच भागवावे. माझ्या मताला हा अपवाद आहे, आणि तो मी आनंदाने मान्य करतो.

तिसरे पथ्य सर्वांत मोठे. परका जीव मोकळा सोडू नये. बाहेरून आणलेले जीव आपल्या मातीत रुजले म्हणजे काय होते, हे आपणांस पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात दिसलेले गाजर गवत आज आपल्या बांधाबांधावर उभे आहे. १८४७ साली एका हौशी इंग्रज संग्राहकाने कलकत्त्याच्या बागेत सोडलेली आफ्रिकी गोगलगाय पुढे देशभर पसरली, आणि आज शेतकरी तिला शिव्या देत आहेत. दोन्ही वेळी कोणाच्या मनात वाईट हेतू असेल असे नाही. तरीही परिणाम टळला नाही. म्हणून परदेशातून कीटक विनापरवाना मागवू नयेत, आपल्याकडील वनस्पती-संसर्गरोधाचा २००३ चा आदेशही त्यासाठी परवान्याची अट घालतो. आणि हौस संपली म्हणून झुरळांचा डबा उकिरड्यावर रिकामा करू नये. रातकिड्याच्या अनेक जाती निदान आपल्या मातीतल्या आहेत; डुबिया नाही. झुरळाची निवड करणाऱ्याने ही जास्तीची जबाबदारी पत्करलेली असते.

आता विद्यार्थिमित्रहो, थोडे तुमच्याशी. हा लेख वाचून कोणी पैनगंगेच्या काठावरून घोरपड धरून आणील, किंवा अंगावर चांदण्या असलेले कासव पेटीत ठेवील, तर माझ्या लिहिण्याचा अनर्थ होईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोहोंना संरक्षण दिले आहे. त्यांना धरणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित असलेल्या जातींची नोंदही २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे करावी लागते. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक हिशेब उरतोच : नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५-२० वर्षे जगतो. आज आठवीत असलेल्या मुलाने तो घेतला, तर त्याचे शिक्षण, नोकरी, कदाचित विवाहही होईपर्यंत तो मुका जीव त्याच्याच हाताकडे पाहत राहणार. एवढ्या लांबच्या वचनाला आपण बांधील राहू, अशी खात्री ज्याला नाही, त्याने सरडा पाळू नये. त्यात काही कमीपणा नाही.

काहीजण विचारतील, मग हा सारा खटाटोप आमच्या काय उपयोगाचा? उपयोग आहे. रानातला सरडा आपले अन्न स्वतः निवडतो. आज नाकतोडा, उद्या मुंगी, परवा पतंग. पेटीतल्या सरड्याची ही निवड आपण काढून घेतलेली असते. ज्याची निवड आपण काढून घेतली, त्याच्या वतीने निवड करताना आपली किळस, आपला आळस किंवा दुकानदाराची सोय यांना मत देण्याचा अधिकार नाही. तेथे मत एकट्या माहितीचे. ही गोष्ट सरड्यापुरती मर्यादित नाही. गोठ्यातील जनावर, पिंजऱ्यातील पक्षी, घरातील तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा, या सर्वांच्या पुढ्यात काय वाढले जावे हे दुसरा कोणी ठरवीत असतो. त्या ठरविणाऱ्याने 'मला काय आवडते' असे न विचारता 'याला काय हवे' असे विचारावे, एवढेच माझे म्हणणे.

ज्यांना सरडा पाळावयाचा नाही, त्यांनाही शाळेच्या आवारात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संध्याकाळी दिव्याखालची पाल किती वेळ स्तब्ध राहते, कोणता किडा घेते, कोणता सोडून देते, हे एक महिनाभर वहीत टिपून पाहा. तिला डबा नको, ऊब नको, कॅल्शियमची पूड नको. तिला फक्त तुमच्या झाडूपासून अभय हवे आहे, आणि ते देणे तुमच्या हाती आहे.