वायूचा हिशेब द्या

जीएस-९२०९ या दीर्घिकेचा जेम्स वेबने टिपलेला वर्णपट २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. विश्व सव्वा अब्ज वर्षांचं असताना निघालेल्या त्या प्रकाशात हायड्रोजनच्या बामर शोषणरेषा ठसठशीत आहेत. म्हणजे ओ आणि बी वर्गाचे अल्पायुषी तारे संपले, ए वर्गाचे अजून टिकून आहेत. कार्नल आणि सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा: सुमारे ४० अब्ज सूर्यांइतके तारे जेमतेम २० कोटी वर्षांत बनले आणि विश्वाच्या वयाला ८० कोटी वर्षं झाली, त्या सुमारास निर्मिती थांबली.

कशाने थांबली? याच वर्णपटात रुंदावलेली हायड्रोजन-अल्फा रेषा आहे. तिच्यावरून केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ५० कोटी सूर्यांइतकं भरतं, ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याहून जास्त. आजच्या दीर्घिकांच्या मानाने हे भलतंच जड. तरीही कृष्णविवर दिसलं की सगळं त्याच्या माथी मारून शोधनिबंध आटोपायची आपल्या क्षेत्रातली घाई मला पटत नाही. कृष्णविवराची सक्रियता झपाट्याने चढते-उतरते. ताऱ्यांची निर्मिती त्याहून खूप दीर्घकाळ बंद राहते. आज दिसणारी सक्रियता तेव्हाचीच, हे कशावरून?

त्यापेक्षा वायूकडे पाहावं. बेली आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये कॉसमॉस-१११४२ या दीर्घिकेत निळ्या बाजूला सरकलेल्या सोडियमच्या शोषणरेषा दाखवल्या. बाहेर फेकला जाणारा तो वायू उदासीन होता आणि उरल्यासुरल्या निर्मितीला लागणाऱ्या वायूपेक्षा जास्त वेगाने निघून चालला होता. केवळ आयनीभूत वायूच्या रेषा मोजणाऱ्यांच्या हाती यातलं फारसं लागलं नसतं.

पण वायू हाकलला तरी नवा का येत नाही? त्या काळी थंड वायूचे प्रवाह तप्त प्रभामंडळ भेदून आत पोचत, असं आपलीच संगणकीय प्रारूपं सांगतात. पुरवठ्याचा प्रश्न किती मोलाचा, हे खोडदच्या सुधारित जीएमआरटीने २०२० मध्ये दाखवलं. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला अणुरूप हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांतच संपणारा निघाला. त्या दीर्घिका तारे घडवणाऱ्या होत्या, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. मोजण्याची शिस्त मात्र घेता येते.

म्हणून यापुढे विझलेल्या दीर्घिकांवरचा लेख पाठवताना वायूचं वस्तुमान, किमान त्याची वरची मर्यादा, जरूर द्यावी. नसेल तर शीर्षकात कृष्णविवराला कारण ठरवू नये.