आपल्या पायाखाली तेल का नाही?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वसतिगृहातील वीज गेली आणि गप्पा रंगल्या. एक मित्र म्हणाला, "मुंबईला समुद्रातसुद्धा तेल सापडते, मराठवाड्याचा मात्र जमिनीखालीही अनुशेषच!" सारे हसले. मीही हसलो, पण प्रश्न मनातून जाईना. मी इतिहासाचा विद्यार्थी. तरी ग्रंथालयात चार पुस्तके चाळली, आणि माझे मत असे झाले की आपली ही तक्रार खोटी आहे, अज्ञान मात्र खरे आहे.

तेल हे गाळाचे अपत्य. समुद्रतळाशी सूक्ष्म जीव मरून पडतात, त्यांवर गाळाचे थर साचतात, खोलवरच्या उष्णतेने त्यांचे तेल बनते. सच्छिद्र खडकात ते शिरते आणि वर घट्ट खडकाचे झाकण असेल तरच टिकते. उत्तर ध्रुवाकडील खोऱ्यांत असे थर कित्येक किलोमीटर जाडीचे आहेत. म्हणूनच १९६८ साली अलास्कातील प्रूडो बे येथे बर्फाळ भूमीखाली प्रचंड साठा सापडला. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले, तेही समुद्रात साचून बनलेल्या चुनखडीत.

आणि आपल्याकडे? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले. वर ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळ अवघा ८ मीटर, आणि मग अतिप्राचीन कठीण खडक! देगलूर-बिलोलीकडे तर ग्रॅनाइट उघडाच पडला आहे. तेल निपजावे कुठे? हा अनुशेष कोणत्याही सरकारकडे मागता येणार नाही.

पण मित्रहो, हे छिद्र सुमारे दहा हजार माणसे गेल्यानंतर घेतले गेले, याचे मला दुःख वाटते. तोवर ही भूमी स्थिर मानली जात होती, आणि आपण निर्धास्तपणे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपत होतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरी बोअर घेताना आपण अजून पाणाड्यालाच विचारतो. काळ्या पाषाणात पाणी कुठे मुरते, कुठे मुरत नाही, हे विचारत नाही.

नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. तेथील एखाद्या प्राध्यापकांना दरवर्षी आपल्या महाविद्यालयात बोलवावे, अशी गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. ध्रुवाखालचे तेल ज्यांचे त्यांना लखलाभ. आपल्या शेताखाली काय आहे, हे कला शाखेच्या मुलालाही ठाऊक असलेच पाहिजे.