वजन ५८, सगळं ओके!

मी सॉफ्टवेअरवाला. घरात काहीही झालं की आधी एक्सेल उघडतो. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हाही तेच केलं. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, दर महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट. प्रत्येक कॉलमला रंग... हिरवा, पिवळा, लाल. (आई म्हणायची, "तुला माणूस दिसत नाही का रे, नुसते आकडेच दिसतात?" मी हसण्यावारी न्यायचो.)

तर ही शीट पहिले दहा महिने जवळजवळ हिरवीगार होती. डायलिसिस संपल्यावर बाबांचं वजन ५८ किलो. जानेवारीत ५८, जूनमध्ये ५८, ऑक्टोबरमध्येही ५८. क्रिएटिनिन तर चक्क उतरत होतं, साडेनऊवरून पावणेसातवर. मावशीने सांगितलेल्या काढ्याचा गुण आला म्हणून मावशी खूश, आणि मशीन चांगलं काम करतंय म्हणून मी खूश.

फक्त एक गोष्ट शीटमध्ये नव्हती. बाबांच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. ते आईने पाहिलं होतं. मला म्हणालीही होती, मी म्हटलं, "अगं, वजन तेवढंच आहे की!"

नोव्हेंबरमध्ये एका रात्री बाबांना झोपताच येईना. आडवं झालं की धाप. इमर्जन्सीत नेलं तर फुप्फुसात पाणी. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी बाबांची कानशिलं दाबून पाहिली. मग गळ्याचं हाड. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा, जिथे एरवी एक गुबगुबीत उंचवटा असतो. तिथे खड्डा होता. मला विचारलं, "हे मांस कुठे गेलं?" पुढच्या चार-पाच डायलिसिसमध्ये पाणी जास्त काढून त्यांचं ड्राय वेट ५४.५ किलोवर आणलं.

हिशोब सोपा आहे. बाबांचं साडेतीन किलो अंग गेलं होतं आणि त्या जागी साडेतीन किलो पाणी भरलं होतं. काटा बिचारा खरंच बोलत होता! डायलिसिसवरच्या माणसाला लघवी कमी होते किंवा होतच नाही, त्यामुळे जादा पाणी मशीनने काढायचं. किती काढायचं? तर 'ड्राय वेट'पर्यंत. पण हे ड्राय वेट म्हणजे एक अंदाज असतो, आणि अंग झिजत गेलं की तोही खाली आणावा लागतो. तो आणायचा तर अंग झिजतंय हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना.

क्रिएटिनिनची गंमत (गंमत कसली!) आणखी वेगळी. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. डायलिसिस नियमित चालू असताना आधीच्या रिपोर्टमधला आकडा महिनोन्‌महिने घसरत असेल, तर स्नायूच कमी झालेत ही शक्यता आधी तपासायला हवी. मी त्या घसरणाऱ्या आकड्याला हिरवा रंग दिला होता.

आता राहिला अल्ब्युमिन. डायलिसिस सेंटरमध्ये "पोषण कसं आहे?" असं विचारलं की रक्तातल्या अल्ब्युमिनचा आकडा दाखवतात. याला कारण आहे. १९९० साली लॉवरी आणि ल्यू यांनी अमेरिकेतल्या बारा हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांचे आकडे तपासले, तेव्हा अल्ब्युमिन कमी असलेल्यांचा मृत्यूचा धोका ठळकपणे जास्त दिसला. तेव्हापासून हा आकडा प्रत्येक रिपोर्टात मानाच्या जागी बसला. धोक्याची घंटा म्हणून तो उत्तमच आहे. पण घंटा का वाजतेय हे तो सांगत नाही. शरीरात कुठे जंतुसंसर्ग असेल, कॅथेटर चिघळला असेल, दात किडला असेल, तर लिव्हर अल्ब्युमिन कमी बनवतं. अंगात पाणी जास्त असेल तर तो पातळ होऊन कमी दिसतो. उलट अॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा अक्षरशः सापळा झालेला असतो आणि अल्ब्युमिन बऱ्याचदा नॉर्मल! आमच्या फिल्डात सांगायचं तर सर्व्हरचा सीपीयू ९० टक्क्यांवर गेला एवढंच हा अलार्म सांगतो. ट्रॅफिक वाढलं, बग आहे की कुणी हल्ला केलाय, ते लॉग उघडून बघावं लागतं.

लॉग उघडायची पद्धत जुनीच आहे आणि तिला मशीन लागत नाही. १९८७ साली टोरांटोच्या डेट्स्की आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ती नीट मांडली, 'सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट', म्हणजे एसजीए. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं, जेवण किती कमी झालं, मळमळ-उलटी-जुलाब आहेत का, जिना चढवतो का, हे विचारायचं. मग हाताने बघायचं: डोळ्यांखालची आणि दंडामागची चरबी, कानशिलं, खांदे, मांड्या, तोच अंगठ्याजवळचा उंचवटा. शेवटी १ ते ७ मध्ये एक गुण. ६-७ म्हणजे ठीक, ३ ते ५ म्हणजे मधलं, १-२ म्हणजे गंभीर. पुढे २००१ मध्ये कलंतर-झादे यांनी खास डायलिसिसवाल्यांसाठी दहा मुद्द्यांचा ३० गुणांचा स्कोअर केला. त्यात अल्ब्युमिनही आहे, पण दहातला एक मुद्दा म्हणून, ३० पैकी जास्तीत जास्त ३ गुणांचा. माझ्या मते त्याची लायकी तेवढीच आहे.

अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की डायलिसिस सुरू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत आहारतज्ज्ञाने एकदा पूर्ण तपासणी करावी, नंतर दरवर्षी किंवा गरज वाटेल तेव्हा, आणि चाळणी तपासणी वर्षातून निदान दोनदा. बाबांची दहा महिन्यांत एकदाही झाली नाही. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण ओळखीतल्या चार-पाच जणांना विचारलं तर बहुतेकांकडे हीच कथा.

आणि याहून मोठी चूक आमच्या स्वयंपाकघरात होती, फ्रिजवर, मॅग्नेटखाली. डायलिसिसच्या आधी, किडनी थोडीफार चालू असताना, बाबांना एक आहारपत्रक मिळालं होतं: डाळ कमी, उसळ नको, पनीर नको, अंडं नको. त्या टप्प्यावर प्रोटीन कमी खाणं बरोबरच होतं. पण डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटा फिरतो! दर डायलिसिसला साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं पाण्याबरोबर वाहून जातात. त्याच २०२० च्या सूचनांप्रमाणे आता दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे बाबांना साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, आईच्या पातळ वरणाच्या वाटीत तेवढंही नाही. आणि आई दहा महिने त्या पत्रकाबरहुकूम डाळ मोजून घालत होती. इतक्या निष्ठेने की बाबांनी एकदा मुगाचं धिरडं मागितलं तर ती म्हणाली, "अहो, नाही म्हटलंय ना डॉक्टरांनी!"

ते पत्रक बदला असं तिला कुणीच सांगितलं नाही. सिस्टरला वाटलं डॉक्टर सांगतील, डॉक्टरांना वाटलं आहारतज्ज्ञ सांगेल, आणि आहारतज्ज्ञ बाई अख्ख्या हॉस्पिटलला एकच, त्या वॉर्डात. आमच्याकडे प्रॉडक्शन पडतं तेव्हा पोस्टमॉर्टेममध्ये हेच वाक्य असतं, "आम्हाला वाटलं ते बघतायत." फरक एवढाच की आम्ही रीस्टार्ट मारतो.

माझ्या एका डॉक्टर मित्राशी यावर वाद झाला. त्याचं म्हणणं, एसजीए व्यक्तिनिष्ठ आहे, दोन माणसं दोन गुण देतील, आणि वेळ कुणाला आहे? पहिला मुद्दा मान्य. म्हणून शक्यतो एकाच शिकवलेल्या माणसाने दर वेळी करावी, म्हणजे निदान घसरण तरी कळेल. हाताच्या पकडीची ताकद मोजायचं साधं यंत्रही मिळतं, ते जोडीला घ्यावं. दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. हा पेशंट आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खुर्चीला बांधलेला असतो! अख्ख्या वैद्यकशास्त्रात इतका सापडणारा पेशंट दुसरा कोण असेल? त्यातली दहा-पंधरा मिनिटं, तीही दोन-तीन महिन्यांतून एकदा. २०१६ साली केंद्राची राष्ट्रीय डायलिसिस योजना आली, जिल्हा रुग्णालयांत मशीनं बसली, गरीब माणसाला खुर्ची मिळाली. हे मोठंच काम झालं. पण चार तास रक्त धुऊन घरी पाठवलेला माणूस रात्री काय जेवतो हे विचारायलाही पगारी माणूस नेमा, ही मागणी मला चैनीची वाटत नाही. सरकारी सेंटरला नाही आणि आमच्यासारख्यांकडून दर खेपेला पैसे घेणाऱ्यांना तर मुळीच नाही.

(अवांतर: या पोकळीत प्रोटीन पावडरवाले बरोबर घुसतात. आम्हालाही एक महागडा डबा सुचवला गेला. काहींना तो लागतोही, पण आधी मोजा तरी! शिवाय पोटॅशियम-फॉस्फरसचं भान ठेवूनच वाढवायचं असतं, त्यामुळे हे वाचून परस्पर उसळींचा सपाटा लावू नका, आपल्या आहारतज्ज्ञाला गाठा.)

आता बाबांना रोज दोन अंड्यांचं पांढरं, दुपारी पनीर किंवा घट्ट वरण, आणि धिरडं परत आलंय. पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात नव्या आहारतज्ज्ञ बाईंनी एसजीएचे ५ गुण दिले, पहिल्यांदा ३ होते. ड्राय वेट पुन्हा ५६ केलंय, या वेळी हाताने चाचपून. शीटमध्ये मी दोन कॉलम वाढवलेत: हाताची पकड किती किलो, आणि घड्याळाचं भोक कितवं. दुसरा कॉलम आई भरते. सध्या तिथे लिहिलंय, "एक बाहेर".