श्रेयाची लूट आणि बंद पडलेली गाडी

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्ष १० मे २०२५ रोजी थांबला आणि तोफा पुरत्या थंड होण्यापूर्वीच श्रेयाची लढाई जुंपली. शस्त्रसंधीची वार्ता अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी दिल्ली आणि इस्लामाबादच्या आधी जगाला सांगितली व पुढे महिनोन्‌महिने ती स्वतःचे कर्तृत्व म्हणून मिरवली. पाकिस्तानच्या सरकारने जूनमध्ये त्यांचे नाव नोबेल शांतता पारितोषिकासाठी सुचविण्याचे जाहीर केले. भारत सरकारचे म्हणणे निराळे : मध्यस्थी कोणाचीच नव्हती, पाकिस्तानच्या सेनाधिकाऱ्याचा दूरध्वनी आला आणि दोन्ही सेनांनी आपसांत ठरविले. ऑक्टोबरात पारितोषिक व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना गेले, तरी हा वाद काही शमला नाही. या साऱ्या कोलाहलात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. दोन देशांत सलोखा व्हावा तो ज्यांच्यासाठी, त्यांच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणत्या गावाला असेल, तर तो उल्हासनगरला आहे. फाळणीनंतर सिंधमधील हिंदू कराचीच्या बंदरातून बोटींनी मुंबईस आले आणि दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांची रवानगी झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. नगर झाले, पुढे महानगरपालिका झाली, पण पत्ता आजही ‘कॅम्प नंबर’ याच शब्दांनी सांगितला जातो. पंजाब आणि बंगाल दुभंगले, तरी त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र अखंडच पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला आपली जन्मभूमी पाहायची, तर सरहद्द ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

ती ओलांडण्याची एक वाट होती. राजस्थानातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार यांना जोडणारा लोहमार्ग फाळणीनंतरही चालू होता. १९६५ च्या युद्धात तो बंद पडला. त्यानंतर ताश्कंदचा करार झाला, १९७२ मध्ये सिमल्याचा झाला, १९७६ मध्ये अमृतसर-लाहोर समझोता एक्स्प्रेस धावू लागली. पण सिंधची वाट बंदच राहिली. अखेर १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्स्प्रेसने ती उघडली. एक्केचाळीस वर्षे! कराचीहून कडेवर आलेले मूल या मुदतीत साठीला टेकले.

त्या यशाचे श्रेय कोणाचे? भारतीय जनता पक्ष म्हणतो, अटलबिहारी वाजपेयींचे. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बस त्यांनी नेली, नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी त्यांच्याच काळातली. काँग्रेस म्हणते, मनमोहन सिंग यांचे. श्रीनगर-मुझफ्फराबाद बस २००५ मध्ये आणि थार एक्स्प्रेस २००६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत धावली. पाकिस्तानात जनरल मुशर्रफ यांचे नाव घेतले जाते. कारगिलचे कर्तेही तेच होते, हे तेवढ्यापुरते विसरले जाते. समाजवाद्यांनाही मोह होण्याजोगे आहे. भारत-पाक महासंघाची कल्पना मांडणारे पत्रक राममनोहर लोहियांनी दीनदयाळ उपाध्याय यांच्यासह १२ एप्रिल १९६४ रोजीच काढले होते, आणि परराष्ट्रमंत्री या नात्याने वाजपेयी १९७८ मध्ये पाकिस्तानात गेले ते जनता सरकारचे मंत्री म्हणून. परंतु हा मोह आवरलेला बरा. पोवाड्यात आपल्या सरदाराचे नाव घुसडून पोवाडा खरा होत नाही.

या यादीत जे नाहीत त्यांच्याकडे पाहा. १९९४ मध्ये दोन्ही देशांतील नागरिकांनी शांतता आणि लोकशाहीसाठी एक संयुक्त मंच स्थापन केला. संवाद हा शब्द उच्चारणाऱ्याला इकडे ‘पाकधार्जिणा’ आणि तिकडे ‘हिंदुस्थानचा हस्तक’ म्हणत, त्या काळात डॉ. मुबश्शिर हसन, आय. ए. रहमान, निर्मला देशपांडे यांच्यासारखी माणसे एकमेकांच्या देशांत जात राहिली. कुलदीप नय्यर वाघा सरहद्दीवर मेणबत्त्या लावीत राहिले. भारतीय नौदलाचे प्रमुखपद भूषविलेले ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून याच कामाला लागले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि रहमान यांना एकत्रितपणे मिळाला. आणि या सर्वांच्या मागे राजस्थान, गुजरात आणि सिंधमधली असंख्य कुटुंबे, ज्यांच्या लेकी एका देशात आणि माहेर दुसऱ्या देशात, ती वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिली.

जुन्या काळी बदलापुरात घोडे बदलीत, म्हणून गावाला हे नाव पडले, असे लोक सांगतात. श्रेयाचे राजकारण असेच असते. मजल मारतात घोडे, बखरीत नाव येते शेवटच्या टप्प्यावरच्या स्वाराचे.

यावर आक्षेप येईल की करार राष्ट्रे करतात, मेणबत्त्या नव्हेत. मुशर्रफ यांच्या लष्कराने मान डोलावली नसती तर गाडी एक पाऊल हलली नसती. यात तथ्य आहे. सही करणाऱ्याचे धैर्यही नाकारण्याचे कारण नाही. लाहोरच्या बसनंतर कारगिल घडूनही वाजपेयी पुन्हा वाटाघाटींना बसले, हे सोपे नव्हते. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. जनता नेहमीच शांतता मागते काय? मुळीच नाही. युद्धाच्या बातमीवर फटाके वाजतात ते याच गल्ल्यांतून. आणि ज्याचे घरदार गेले त्याचा संताप खोटा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तोच वृद्ध सक्कर किंवा शिकारपूर हा शब्द उच्चारताना गहिवरतो, हेही तितकेच खरे. सत्ताधाऱ्यांना त्याचा संताप निवडणुकीत कामी येतो, गहिवर येत नाही. म्हणून संतापाला व्यासपीठ मिळते आणि गहिवराला व्हिसाच्या रांगेत उभे केले जाते.

हा वाद मानापमानाचा नव्हे. श्रेय ज्याचे, मालकी त्याची. इथे खरी मेख आहे. थार एक्स्प्रेस ही नेत्यांनी जनतेला दिलेली भेट ठरली, म्हणूनच ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा दर्जा बदलल्यानंतरच्या तणावात पाकिस्तानने ती आणि समझोता एक्स्प्रेस थांबविली, तेव्हा इकडे कोणत्याही मोठ्या पक्षाने त्यासाठी रस्ता अडविला नाही. भेट परत घेतली तर दाद कोणाकडे मागायची? पहलगामच्या अमानुष हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची वाट बंद झाली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना वगळले गेले खरे. पण उल्हासनगरात अशा व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांना आपले असणे एका सरकारी खुलाशावर टांगलेले आहे, याचा प्रत्यय पुन्हा एकदा आला. खुनी टोळ्यांना व्हिसा लागत नाही. तो लागतो मामाच्या उत्तरकार्याला निघालेल्या भाच्याला.

शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. वैराचा बळी एका स्थानकावर उतरतो आणि पुढच्या स्थानकावर उतरणाऱ्या कामगाराची भाकरी युद्धसामग्रीच्या मागणीवर अवलंबून असते. कामगाराचा यात दोष नाही. दोष त्या अर्थव्यवस्थेचा, जिने शांतताकाळात त्याच्या कौशल्याला दुसरे काम शोधून ठेवले नाही. व्यापाराचेही तेच. भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला आणि तिकडच्या मालावर २०० टक्के जकात बसविली. माल तरीही दुबईमार्गे वळसा घालून इकडून तिकडे जातच राहिला. वळशाचे भाडे आणि दलाली दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाने भरली. वैराचा हिशेब असा मांडला म्हणजे त्यात नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा पारितोषिक कोणाला, हा वाद वॉशिंग्टन, दिल्ली आणि इस्लामाबाद यांनी खुशाल घालावा. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या कार्यकर्त्यांपुढचे काम निराळे आहे. पासष्टी ओलांडलेल्यांना अटारीवर पोहोचताच व्हिसा देण्याची तरतूद सप्टेंबर २०१२ च्या करारात दोन्ही सरकारांनी मान्य केली होती. ती प्रत्यक्षात आणावी आणि मुनाबावची गाडी पुन्हा सुरू करावी, या दोन मागण्यांसाठी कॅम्पाकॅम्पांतून सह्या गोळा करता येतील. फाळणीपूर्वीचा सिंध डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांना थांबायला वेळ नाही. गाडी पुन्हा सुटेल तेव्हा हिरवे निशाण दाखवायला मंत्री येतीलच, त्यांची चिंता नको. मात्र ती सुटली लोकांच्या मागणीने, हे तिच्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. तरच ती पुढच्या खेपेला बंद करताना राज्यकर्त्यांचा हात थरथरेल.