संत्र्याला ताण, द्राक्षाला कात्री

मंडळी, नाशिकला वाइन टूर करून आलेला माणूस सोमवारी ऑफिसात लगेच ओळखू येतो. चहाचा कपसुद्धा गोल फिरवून वास घेतो. :) अशाच एका मित्राने परवा सल्ला दिला, "तुमच्या वऱ्हाडात काढा ना रे वायनरी. शेतकऱ्यांचा प्रश्न सुटेल." असले सल्ले आम्हा अमरावती-अकोल्याच्या लोकांना फुकट मिळतात. पण प्रश्न तसा चांगला आहे.

आधी भूगोल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री मस्त गारठा. रेड वाइनला नेमकं हेच लागतं. तिचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून काळी द्राक्षं चुरडून सालीसकट आंबवतात. रात्र गार असली की साखर सावकाश चढते, आंबटपणा टिकतो आणि सालीला पिकायला वेळ मिळतो. अकोला ३०० मीटरच्या आसपास. ऐन द्राक्ष पिकायच्या वेळी, मार्चमध्येच, पारा चाळिशीकडे सरकतो. साखर धावत सुटणार, आंबटपणा मरणार. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती, पाणी धरून ठेवणारी. कपाशीला छान, द्राक्षाच्या मुळांना नाही. खाली खारपाणपट्टा, म्हणजे विहिरीचं पाणीही खारट. चिखलदरा तेवढा हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे कॉफी होते, पण एका डोंगराने जिल्हा जगत नाही.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. फ्रान्समध्ये थंडीने वेल आपोआप झोपते, वसंतात उठते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. नाशिकची वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. वाइनची द्राक्षं निघतात जानेवारी ते मार्च. म्हणजे निसर्गाने न दिलेला ऋतू माणसाने कात्रीने केला. चक्क पॅच मारलाय!

आणि हीच युक्ती आमच्याकडे संत्र्यावर चालते, फक्त कात्रीऐवजी पाण्याने. बहाराआधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फूल येतं. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत. मोर्शीचे माझे मामा म्हणतात, "झाडाले ताण देल्ला का थे घाबरते, अन् मंग फुलते." म्हणजे अक्कल कमी नाही आमच्याकडे.

कमी काय आहे, तर मागचा आधार. नाशिकची वाइन नुसत्या हवेवर उभी नाही राहिली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. तरी २००८-०९ च्या मंदीत दणका बसलाच. नारायणगावची इंडेज, ज्यांनी ऐंशीच्या दशकात भारतीय शॅम्पेन फ्रान्सपर्यंत नेली होती, ती बुडाली. कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. तगलेल्यांपैकी सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे यशाला वीसेक वर्षं लागली, आणि टूरवाल्यांना दिसतो तो फक्त शेवटचा ग्लास.

म्हणून माझं स्पष्ट मत: वऱ्हाडाला वाइन नको, वाइनला मिळालं तसं धोरण संत्र्याला पाहिजे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो, लिमोनिनमुळे. तो कडवटपणा काढायचं तंत्र जगात आहे, पण ते एकट्या शेतकऱ्याच्या खिशातलं नाही. त्यामुळे सगळी मदार ताज्या फळाच्या विक्रीवर. बांगलादेशाने २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोला ८८ रुपयांवर गेलं, आणि इथले भाव कोसळले. त्या हंगामात मामांनी बारीक फळ तोडलंच नाही. तोडायची मजुरी निघत नव्हती.

मित्राला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "पण ऑरेंज वाइन असते ना?" असते बाबा. ती पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवून करतात. संत्र्याचा तिच्यात एक थेंब नसतो.